समुद्र ओलांडून शेजारच्या देशात: रस्ता-रेल्वे जोडमार्ग आखायचा कसा

नकाशा उघडला की पहिला मोह होतो तो पट्टी ठेवण्याचा. दोन किनारे जिथे सर्वांत जवळ, तिथे रेघ मारायची आणि म्हणायचं, झाला पूल. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीवर अशी पट्टी ठेवली तर ती हेल्सिंगोर आणि हेल्सिंगबोर्ग या दोन शहरांवर येते. मधे जेमतेम चार किलोमीटर पाणी. प्रत्यक्षात जोडमार्ग झाला तो बराच दक्षिणेला, कोपनहेगन आणि मालमो यांच्यामध्ये, जिथे सुमारे सोळा किलोमीटर ओलांडावे लागले. चौपट अंतर आणि त्याचा खर्चही पत्करला, कारण माणसं तिथे राहतात, नोकऱ्या तिथे आहेत आणि विमानतळही तिथेच आहे. अरुंद जागी आजही फेरीबोटी चालतात.

या कामात पाण्यापेक्षा किनारे जास्त छळतात. पाण्याचं गणित अभियंते सोडवतात. दोन देशांचे कायदे, रूळ, वीज, कर आणि सवयी जुळवायला मात्र पिढी जाते. खाली दिलेला क्रम त्या हिशेबाने लावला आहे, म्हणूनच सुरुवातीच्या पायऱ्यांत काँक्रीट फारसं भेटणार नाही.

१. आधी माणसं मोजा

सर्वेक्षणाची बोट पाण्यात उतरवण्याआधी वर्षभर तरी नुसती मोजणी करा. फेरीची तिकिटं, दोन्ही शहरांमधली विमानं, बंदरातून सुटणारे ट्रक आणि लांबचा वळसा घेऊन जमिनीवरून जाणारा माल. हे आकडे एका बेरजेत कोंबू नका. रोज कामाला जाणारा, वर्षातून दोनदा सुट्टीला जाणारा आणि ट्रकवाला यांचे हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. ट्रकवाला तास आणि डिझेल बघतो. सुट्टीला निघालेल्या कुटुंबाला फेरीवरचा वारा आणि निवांत जेवण आवडत असतं. त्यांना ओढून आणणं वाटतं तितकं सोपं नाही. रोजचा प्रवासी तर आज बहुधा अस्तित्वातच नसतो. जोडमार्ग झाल्यावर तो तयार होतो, आणि तो तयार होईल की नाही हे टोलइतकंच पगार, घरभाडं आणि आयकर यांवर ठरतं.

ओरेसुंडचा मार्ग १ जुलै २००० ला खुला झाला तेव्हा पहिली काही वर्षं गाड्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या. मग नेहमीच्या प्रवाशांना टोलमध्ये भरघोस सवलती मिळाल्या. कोपनहेगनमध्ये घरं महागली होती आणि मालमोत ती स्वस्त होती. नोकरी डेन्मार्कमध्ये, घर स्वीडनमध्ये हे गणित लोकांना जमू लागलं, तसा पूल भरत गेला.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला चॅनेल टनेल ६ मे १९९४ ला सुरू झाला. त्यातून धावणाऱ्या युरोस्टार या प्रवासी रेल्वेला बांधकामाच्या काळातल्या अंदाजाच्या निम्मे प्रवासी मिळायलाही अनेक वर्षं लागली. शिवाय फेरी कंपन्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्यांनी भाडी उतरवली, आणि १९९९ पर्यंत बोटीवरच्या करमुक्त दारू-सिगारेटच्या विक्रीचा आधारही त्यांना होता.

म्हणून तीन अंदाज काढा: चांगला, मधला, वाईट. मग फेरीने भाडं निम्म्यावर आणलं तर काय होईल, याचा चौथा काढा. कर्जाचे हप्ते वाईट अंदाजावर फिटत असतील तरच पुढची पायरी. मधल्या अंदाजावर जेमतेम फिटत असतील, तर थांबून रेघ दुसरीकडे ओढून पाहा.

२. करार: लग्नापेक्षा घटस्फोटाच्या अटी नीट लिहा

डेन्मार्क आणि स्वीडन यांनी ओरेसुंडसाठी १९७३ मध्येच करार केला होता. पुढे आर्थिक परिस्थिती बिघडली आणि १९७८ मध्ये तो मोडीत निघाला. आज आपण जो पूल पाहतो त्याचा करार २३ मार्च १९९१ चा. चॅनेल टनेलचंही तसंच: १९७५ मध्ये ब्रिटनने खर्चाच्या कारणाने अंग काढून घेतलं आणि कँटरबरीचा करार व्हायला १२ फेब्रुवारी १९८६ उजाडलं. सरकारं बदलतात, तिजोऱ्या आटतात, तेव्हा एक बाजू मागे हटेल हे धरूनच मसुदा लिहायचा. क्वालालंपूर-सिंगापूर वेगवान रेल्वेचं उदाहरण ताजं आहे. तिलाही जोहोरची सामुद्रधुनी पुलावरून ओलांडायची होती. २०१६ मधला तो करार २०२० च्या शेवटी संपुष्टात आला आणि मलेशियाने सिंगापूरला १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. भांडण चिघळलं नाही, कारण भरपाईची तरतूद आधीच कागदावर होती.

खर्च कोणी करायचा याचे चार नमुने जगात दिसतात. ओरेसुंडवर दोन्ही सरकारं निम्मी-निम्मी मालक आहेत. डेन्मार्क-जर्मनीमधल्या फेमार्नबेल्ट बोगद्याच्या ३ सप्टेंबर २००८ च्या करारात समुद्राखालचा सगळा बोगदा डेन्मार्कने बांधायचा, जर्मनीने फक्त आपल्या जमिनीवरचे रस्ते-रूळ सुधारायचे, अशी वाटणी आहे. सौदी अरेबिया आणि बहारीन यांना जोडणारा किंग फाहद कॉजवे १९८६ मध्ये खुला झाला. त्याचा पैसा सौदीने दिला. तो निव्वळ रस्त्याचा आहे, पण वाटणीचा नमुना म्हणून उपयोगी. आणि चॅनेल टनेल खासगी कंपनीच्या हाती. तिला आधी ५५ वर्षं बोगदा चालवण्याचा हक्क मिळाला, पुढे तो २०८६ पर्यंत वाढवला गेला. माझं मत विचाराल तर पहिला नमुना सर्वांत कटकटीचा आणि सर्वांत टिकाऊ. ज्याने पैसा घातला नाही त्याला घाई नसते.

करारात न विसरता घालायच्या गोष्टी: समुद्रातली सीमारेषा बांधकामावर नेमकी कोणत्या मीटरला येते, बांधकाम चालू असताना मजुरांना कोणत्या देशाचा कामगार कायदा लागू, टोलवर कर कोणाचा, बोगद्यात गुन्हा घडला तर पोलीस कोणाचे, वाद झाला तर लवाद कुठे बसणार. आणि दोन्ही बाजूंचे जोडरस्ते कोणत्या तारखेला तयार हवेत. ही तारीख गुळमुळीत ठेवली की काय होतं, ते पुढे येईलच.

३. समुद्राचा तळ, आणि वरून जाणारे

आता बोट पाण्यात उतरवा. सोनार यंत्राने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी, खोली, ठरावीक अंतरावर भोकं पाडून खडकाचे नमुने, वर्षभराचे प्रवाह, वारा, लाटा आणि थंड प्रदेश असेल तर बर्फ. चॅनेल टनेलचं बरंचसं यश एका थराचं आहे: चॉक मार्ल, म्हणजे खडू आणि चिकणमाती मिसळलेला मऊ खडक. खोदायला सोपा, पाणी सहसा न झिरपू देणारा. १८८० च्या दशकातल्या फसलेल्या प्रयत्नातही याच थरात दोन्ही बाजूंनी दीड-दोन किलोमीटर खोदून झालं होतं. बोगद्याची वळणं या थराच्या मागोमाग गेली. तरीही फ्रेंच बाजूचा खडक भेगाळलेला आणि ओला निघाला. तिथली खोदयंत्रं पाण्याचा दाब सोसणारी, बंद तोंडाची करावी लागली. म्हणून एका किनाऱ्याच्या नमुन्यांवरून दुसऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधू नये.

तळावर काय पडलंय तेही पाहा. ओरेसुंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातले १६ न फुटलेले बॉम्ब सापडले.

जहाजांचा विषय वेगळा बसून करायला हवा, कारण इथे तिसरा देश दारात येतो. डेन्मार्कने स्वतःच्याच दोन बेटांमध्ये, ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवर, पूल आखला. घरचंच काम. पण फिनलंडच्या गोद्यांत तेल खणणारे उंच प्लॅटफॉर्म बनत आणि ते या वाटेनेच बाहेर पडत. ६५ मीटर उंचीच्या पुलाखालून ते जाणार नव्हते. फिनलंडने १९९१ मध्ये डेन्मार्कला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९२ मध्ये डेन्मार्कने ९ कोटी क्रोनर देऊन प्रकरण मिटवलं. तेव्हा सामुद्रधुनी वापरणाऱ्या प्रत्येक देशाला, प्रत्येक बंदराला आणि गोदीला आराखड्याच्या पहिल्याच वर्षी लेखी विचारा: तुमचं सर्वांत उंच, सर्वांत रुंद, सर्वांत खोल काय जातं? आजचं आणि वीस वर्षांनंतरचंही.

जहाजं ठरवून दिलेल्या वाटेनेच जातात, या भरवशावर राहू नका. मार्च २००५ मध्ये एक मालवाहू जहाज ग्रेट बेल्टच्या मुख्य गाळ्यापासून दूर, सखल भागातल्या पुलावर जाऊन आदळलं आणि एक खलाशी दगावला. टक्कर सोसण्याचा हिशेब फक्त मधल्या उंच खांबांपुरता करून भागत नाही.

४. पूल, बोगदा, की दोन्ही?

हा निर्णय रेल्वे घेते. मोटार चार-पाच टक्क्यांचा चढ सहज चढते. जड मालगाडीसाठी मात्र एक-सव्वा टक्का ही मर्यादा धरून चालावं. सव्वा टक्का म्हणजे एक मीटर वर जायला ८० मीटर आडवं अंतर.

कागद घ्या आणि मांडा. पाणी २० मीटर खोल आहे असं समजू. मोठी जहाजं खालून जावीत म्हणून पूल उंच केला आणि रूळ पाण्यापासून ६५ मीटरवर आले, तर फक्त चढायला ५.२ किलोमीटर लागतात, तेवढेच उतरायला. यंत्राने कोरलेला बोगदा हवा असेल तर तळाखाली साधारण बोगद्याच्या व्यासाइतकी माती डोक्यावर ठेवावी लागते. रूळ ४५ मीटर खाली जातात आणि एका बाजूचा उतार ३.६ किलोमीटरचा होतो. तिसरा पर्याय बुडवलेला बोगदा: काँक्रीटच्या प्रचंड नळ्या किनाऱ्यावर ओतायच्या, तरंगत न्यायच्या आणि समुद्रतळात खणलेल्या चरात ठेवायच्या. त्यात रूळ सुमारे ३० मीटर खाली, म्हणजे २.४ किलोमीटर. समुद्र अरुंद असेल तर हाच फरक ठरवतो की रूळ वर येऊन स्टेशनाला भिडतील, की गावाच्या डोक्यावरून निघून जातील.

ओरेसुंडवर विमानं, जहाजं आणि रेल्वे या तिन्हींची भांडणं एकाच वेळी मिटवावी लागली. कोपनहेगनचा कास्ट्रुप विमानतळ किनाऱ्यालाच लागून आहे. पुलाचे मनोरे २०४ मीटर उंच. ते धावपट्टीच्या तोंडाशी चालणार नव्हते. मोठ्या जहाजांची ड्रोग्डेन वाटही त्याच बाजूला. म्हणून डेन्मार्ककडून सुमारे चार किलोमीटर बुडवलेला बोगदा, मग पेबरहोम नावाचं चार किलोमीटर लांब कृत्रिम बेट, आणि तिथून मालमोपर्यंत ७,८४५ मीटरचा पूल. पुलावर वरच्या मजल्यावर चार पदरी रस्ता, खालच्या मजल्यावर दुहेरी रूळ. मधला गाळा ४९० मीटर, खाली जहाजांसाठी ५७ मीटर. बेटाचं कामच मुळी बोगद्यातून वर येणाऱ्या वाहतुकीला पुलावर चढवण्याचं.

फेमार्नबेल्टला आधी तारांनी तोललेल्या पुलाकडे कल होता. जहाजांची गर्दी, वारा आणि पर्यावरणाचा अभ्यास पुढे आल्यावर कौल बुडवलेल्या बोगद्याकडे गेला: १८ किलोमीटर, ८९ नळ्या, त्यातल्या ७९ एकसारख्या, प्रत्येकी २१७ मीटर लांब आणि सुमारे ७३,००० टन वजनाची. एकसारखेपणा इथे फार मोलाचा आहे. कारखाना एकदा बसवला की तोच साचा पुन्हा पुन्हा.

बोगद्याची लांबी ५० किलोमीटरवर गेली की मोटारी स्वतः चालवत नेण्याचा नाद सोडावा. धूर बाहेर काढायचा कसा, आणि इतका वेळ भिंतीकडे बघत गाडी हाकणाऱ्याला झोप लागली तर काय? चॅनेल टनेलने त्यावर काढलेला तोडगा मला आजही चतुर वाटतो: रस्ता बांधलाच नाही. मोटारी आणि ट्रक रेल्वेच्या शटलवर चढतात आणि गाडीच त्यांना पलीकडे नेते.

५. एकाच मार्गावर दोन देशांचे रूळ

रस्त्याच्या बाबतीत स्वीडनने नकळत मोठी सोय करून ठेवली होती. ३ सप्टेंबर १९६७ ला साऱ्या देशाने वाहनं डावीकडून उजवीकडे घेतली. पण रेल्वे? ती स्वीडनमध्ये आजही डावीकडून धावते, डेन्मार्कमध्ये उजवीकडून. कुठेतरी दोन्ही रूळ एकमेकांना ओलांडून बाजू बदलणं भाग होतं. ते काम समुद्रावर न करता मालमोच्या बाजूला, जमिनीवर ठेवलं. असल्या अडचणी नेहमी जमिनीवर ढकलाव्यात. तिथे जागा स्वस्त आणि दुरुस्ती सोपी.

वीजही वेगळी. डेन्मार्कमध्ये तारेत २५ हजार व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, स्वीडनमध्ये १५ हजार व्होल्ट आणि १६.७ हर्ट्झ. दोन्ही तारा एकमेकींना लागून चालत नाहीत, म्हणून मधे वीज नसलेला तुकडा ठेवतात. त्या तुकड्याशी येताना गाडीचा मुख्य खटका वीज तोडतो, इंजिनातल्या विजेच्या मोटरचा आवाज पडतो, डब्यातला पंखा क्षणभर मंदावतो आणि शेकडो टनांची गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकते. पलीकडची वीज ओळखली की यंत्रणा पुन्हा जागी होते. आखणीत लक्षात ठेवायचं ते एवढंच: हा तुकडा चढावर किंवा सिग्नलच्या अलीकडे येता कामा नये. गाडी तिथे थांबली तर तिला ढकलायला दुसरं इंजिन आणावं लागतं, आणि तोवर दोन देशांची वाहतूक ठप्प.

गेज (दोन रुळांमधलं अंतर), डब्यांची उंची-रुंदी, फलाटाची उंची आणि सिग्नल या चार गोष्टींचा तक्ता पहिल्या महिन्यात करून घ्या. जे जुळत नाही ते एक तर रुळावर सोडवायचं किंवा गाडीत. ओरेसुंडच्या गाड्या दोन्ही विजा आणि दोन्ही सिग्नलयंत्रणा अंगावर वागवतात. त्या महाग पडतात आणि एखादी बिघडली तर सहज बदली मिळत नाही. हा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो.

आग आणि वारा यांबद्दल थोडं थांबून. १८ नोव्हेंबर १९९६ ला चॅनेल टनेलमध्ये ट्रक नेणाऱ्या शटलला आग लागली. कुणी दगावलं नाही, याचं श्रेय मुख्यतः मधल्या सेवा-बोगद्याला. दोन रेल्वे बोगद्यांच्या मधून जाणाऱ्या या तिसऱ्या बोगद्यात हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात, त्यामुळे दार उघडलं तरी धूर आत येत नाही. दर ३७५ मीटरला आडवी वाट आहे. रस्ता आणि रेल्वे एकाच नळीत बसवताना प्रत्येक दिशेला स्वतंत्र कप्पा आणि मधे सुटकेची गॅलरी हवीच. पैसे वाचवण्यासाठी ती अरुंद करण्याची सूचना कोणीतरी करेल, ती ऐकू नका.

पुलावर वाऱ्याचं भय निराळं. २ जानेवारी २०१९ ला जोरदार वाऱ्यात ग्रेट बेल्टच्या पुलावर मालगाडीवरचा एक रिकामा ट्रेलर निसटला आणि समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीवर आदळला. आठ जण गेले. किती वाऱ्याला रस्ता बंद, किती वाऱ्याला रिकाम्या ट्रेलरांना मनाई, आणि कुलपं कोणी तपासायची, हे आकडे आणि नावं आराखड्यातच हवीत.

६. पाण्याचा आणि माशांचा हिशेब

बाल्टिक समुद्राला खारं, प्राणवायू असलेलं पाणी याच अरुंद सामुद्रधुन्यांतून मिळतं. खांब आणि बेटं उभी राहिली की प्रवाह अडतो. म्हणून ओरेसुंडवर अट घातली गेली की बांधकामाने अडवलेला प्रवाह शून्य असला पाहिजे. जेवढं पाणी खांबांनी अडेल तेवढी वाट तळ खणून मोकळी करून द्यायची. ही अट मला आवडते, कारण ती मोजता येते. ‘पर्यावरणाची काळजी घेतली जाईल’ या वाक्याला न्यायालयात काडीची किंमत नसते.

खणलेल्या दगड-मातीचं काय करायचं, तेही आधी ठरवा. पेबरहोम बेट घडवताना समुद्रतळातून निघालेला मालच वापरला. मग माणसांना मनाई करून ते बेट निसर्गावर सोडून दिलं. तिथे आपसूक झाडं उगवली आणि हिरवे बेडूक वस्तीला आले.

सुनावणीला मात्र पुरेसा वेळ ठेवा. युरोपात १९९१ च्या एस्पो करारामुळे सीमेपलीकडच्या लोकांनाही हरकत घेता येते. फेमार्नबेल्टवर एकट्या जर्मनीत बारा हजारांहून अधिक हरकती आल्या. करार २००८ चा, आणि लाइपझिगच्या न्यायालयाने मुख्य दावे फेटाळले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. डेन्मार्कने आपल्या संसदेत स्वतंत्र कायदा करून २०१५ मध्येच परवानगी दिली होती. दोन देशांच्या परवानगीच्या पद्धती इतक्या वेगळ्या असतात की संथ देशाचं घड्याळ हेच प्रकल्पाचं घड्याळ. वेळापत्रक त्यावरच लावा.

७. पैसा

टोलमधून कर्ज फेडायचं आणि कर्जाला सरकारची हमी, हा उत्तर युरोपातला रुळलेला मार्ग. हमीमुळे व्याज कमी पडतं. पण हमी म्हणजे सरकारी मदतच, असं म्हणून फेरीबोटींच्या कंपन्या न्यायालयात जाऊ शकतात आणि जातातही: युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये फेमार्नबेल्टच्या मदतीला दिलेली मंजुरी अंशतः रद्द केली. युरोपीय आयोगाला सगळं पुन्हा तपासून २०२० मध्ये नव्याने मंजुरी द्यावी लागली. उलट टोकाला चॅनेल टनेल: ब्रिटिश सरकारने एक पैसाही घालायचा नाही, हमीही द्यायची नाही, असं ठरलं होतं. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला आणि कंपनी वर्षानुवर्षं कर्जाच्या पुनर्रचनेत अडकून राहिली.

खर्चाचा अंदाज फक्त खालून वर, म्हणजे काँक्रीट-पोलाद-मजुरी जोडत काढू नका. तोच अंदाज वरून खालीही काढा. जगात याच प्रकारचे पूर्ण झालेले दहा-पंधरा प्रकल्प घ्या, प्रत्येकाचा मूळ अंदाज आणि शेवटचं बिल शेजारी मांडा, आणि आपला आकडा त्या रांगेत ठेवा. ‘आमचा प्रकल्प वेगळा आहे’ असं ज्याला वाटतं, त्याचाच आकडा सहसा सर्वांत जास्त फुगतो.

रेल्वेकडून पैसा ठरावीक घ्या, गाड्यांच्या संख्येवर नको. ओरेसुंडवर दोन्ही देशांच्या रेल्वे वर्षाला ठरलेली रक्कम भरतात. त्यामुळे उत्पन्नातला एक भाग तरी पक्का राहतो, आणि रक्कम भरलीच आहे म्हटल्यावर गाड्या वाढवायला रेल्वेलाही हुरूप येतो.

८. किनाऱ्यामागची जमीन

फ्रान्सने चॅनेल टनेलकडे जाणारी वेगवान रेल्वे १९९३ मध्येच तयार ठेवली. ब्रिटनमधली पूर्ण व्हायला १४ नोव्हेंबर २००७ उजाडलं. २००३ मध्ये तिचा पहिला टप्पा खुला होईपर्यंत युरोस्टार फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटरने सुसाटायची आणि इंग्लंडमधल्या केंट परगण्यात उपनगरी गाड्यांच्या मागे रांगायची, तीही रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट घेत. मालमोतही तसंच थोडं: शहराखालचा रेल्वे बोगदा पूल झाल्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये आला.

मागच्या जमिनीवरचं काम कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही, कारण तिथे फीत कापायला मजा नाही. कराराचा मसुदा उघडा आणि पाहा: समुद्रावरच्या बांधकामाला दंडासकट तारीख असते, जोडरुळांना ‘शक्य तितक्या लवकर’.

९. तपासणीची जागा

सीमा आज उघडी असली तरी तपासणीच्या नाक्यापुरती जागा राखून ठेवा. ओरेसुंडवर तपासणी लागणारच नाही असं धरलं होतं. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओळखपत्रं तपासणं सुरू केलं आणि प्रवासी कास्ट्रुपच्या स्टेशनावर गाडी बदलत, रांगा लावत जाऊ लागले. चॅनेलवर उलट नमुना आहे: ब्रिटिश अधिकारी फ्रान्समध्ये आणि फ्रेंच अधिकारी इंग्लंडमध्ये बसतात, म्हणजे समुद्र ओलांडल्यावर पुन्हा थांबावं लागत नाही. किंग फाहद कॉजवेवर दोन्ही देशांचे नाके समुद्राच्या मधोमध कृत्रिम बेटावर आहेत. दिसायला भारी, पण गर्दी वाढली की बेट रुंद करणं म्हणजे पुन्हा समुद्र भरणं.

१०. बांधकाम: एक नळी बुडवताना

सगळं बांधकाम इथे मावणार नाही. बुडवलेल्या बोगद्याचा एकच सांधा जवळून पाहू. ओरेसुंडच्या २० नळ्यांपैकी प्रत्येक १७६ मीटर लांब आणि ५५,००० टन वजनाची. दोन्ही तोंडं पोलादी भिंतींनी बंद केली की एवढं धूड तरंगतं. टगबोटी ते चरापर्यंत ओढत नेतात. आतल्या टाक्यांत पाणी भरत ते अलगद खाली सोडतात आणि जॅकने आधीच्या नळीकडे ओढतात. नळीच्या तोंडाभोवती जाड रबराची चौकट असते. ती समोरच्या पोलादाला टेकली की दोन बंद भिंतींच्या मधे थोडं समुद्राचं पाणी कोंडलं जातं. आता फक्त तेवढं पाणी पंपाने काढायचं. आतला दाब गेला, बाहेरचा राहिला. २० मीटर खोलीवर समुद्र दर चौरस मीटरला २० टनांनी दाबतो. नळीचं तोंड नऊ मीटर उंच, चाळीस मीटर रुंद धरलं, तर मागच्या टोकावर सात हजार टनांचा रेटा येतो आणि रबर चेपून सांधा पाणबंद होतो. खिळा नाही, वेल्डिंग नाही. ज्या समुद्राशी भांडण, तोच सांधा मिटवून देतो.

हे ऐकायला सोपं आहे. १९९८ मध्ये ओरेसुंडचीच एक नळी खाली सोडताना तिच्यात पाणी शिरलं आणि ती तळावर बसली. ती वर काढून बसवण्यात महिने गेले. म्हणून वेळापत्रकात हवामानाच्या मोकळ्या दिवसांबरोबर एका नळीच्या अपघाताइतका वेळही धरा, आणि नळ्या बुडवणारं खास जहाज वेळेवर मिळेल यावर सगळा डोलारा उभा करू नका.

११. उघडण्याआधीच्या रात्री

शेवटचे सहा महिने सरावाचे. आगीचा, रुळावरून घसरलेल्या गाडीचा, तेल सांडल्याचा. दोन्ही देशांच्या अग्निशमन दलांचे पाइप एकमेकांच्या नळांना बसतात का, बिनतारी संच एका वाहिनीवर येतात का, जखमींना नेणाऱ्या रुग्णवाहिकेला सीमा ओलांडून औषधं न्यायची परवानगी आहे का. आणि हे सगळं कागदावर ‘होय’ आलं की एका रात्री बोगद्याच्या मध्यावर जाऊन साध्या मोबाइलवरून आणीबाणीचा फोन लावून पाहा. तो कोणत्या देशात उचलला जातो, कोणत्या भाषेत, आणि भिंतीवरचा क्रमांक वाचून दाखवला तर पलीकडच्या माणसाला तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं का.